क्रिस्टल नावाच्या शब्दाची सोंगे

इंग्रजी भाषेच्या शब्दसंख्येचे कौतुक सर्वत्र होते. आमच्या मते तिची खरी हुशारी निराळीच आहे. एकाच शब्दाला दहा घरी कामाला लावण्यात ती तरबेज आहे. असाच एक शब्द आज आम्ही विचारासाठी घेतला आहे. तो म्हणजे 'क्रिस्टल'. दुकानातला महागडा पेला क्रिस्टल, मनगटावरच्या घड्याळात क्रिस्टल, भविष्य सांगणाऱ्या बाईच्या पुढ्यातला गोळा क्रिस्टल, लग्नाचा पंधरावा वाढदिवस क्रिस्टल, लंडनच्या एका फुटबॉल क्लबाच्या नावात क्रिस्टल, शेजारच्या मुलीचे नावही क्रिस्टल, आणि मुद्दा समजला काय असे कोणाला विचारावे तर उत्तर येते, 'क्रिस्टल क्लिअर!' इंग्रजी भाषेवर पुस्तकांमागून पुस्तके लिहिणारे येथील नामवंत भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांचे तर आडनावच ते आहे.

शब्द बहुरूपी आहे याबद्दल आमची तक्रार नाही. ज्याच्या त्याच्या भाषेने आपले शब्द कसे राबवावेत हा तिचा प्रश्न. आमचे म्हणणे आहे ते येथे राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांपुरते. हा चकाकणारा शब्द कानी पडला की आपण दिपून जातो आणि 'कोणते क्रिस्टल?' हा साधा प्रश्न विचारीत नाही. तो न विचारल्यामुळे कधी खिशाला, कधी प्रकृतीला, तर कधी मुलाबाळांना तोशीस लागते. आणि हा प्रश्न ज्या भाषेत मुळी विचारावाच लागत नाही, ती आपली मराठी आपण घरातल्या घरात विसरत चाललो आहोत.

बर्फ आणि गार

प्रथम या शब्दाचे कुळ पाहू. ग्रीक भाषेत 'क्रुस्टालोस' म्हणजे बर्फ. डोंगरात सापडणारा पारदर्शक स्फटिक म्हणजे अतिशय कडाक्याच्या थंडीने कायमचा गोठलेला बर्फच होय, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने ती आपल्या ग्रंथात गंभीरपणे नोंदवून ठेवली आहे. गंमत अशी की, हिंदुस्थानातून येणाऱ्या स्फटिकाला तोड नाही, असेही त्याच प्लिनीने लिहिले आहे. इतक्या उष्ण देशातून असा न वितळणारा बर्फ कसा येतो, या प्रश्नाने त्याची झोप उडाली नसावी!

पण ग्रीकांना हसण्याचे कारण नाही. आपल्या मराठीत आभाळातून पडते ती गार, आणि माळावर सापडतो तो पांढरा चकचकीत दगड, तीही गारच. तिचीच गारगोटी झाली. थंड पाण्यालाही आपण गार पाणी म्हणतो. म्हणजे बर्फ, स्फटिक आणि थंडावा यांची जी सांगड ग्रीकांनी एका शब्दात घातली, तीच आमच्या कुणब्यानेही घातली, आणि तीही प्लिनी न वाचता. 'क्रिस्टल'ला मराठीत प्रतिशब्द नाही असे म्हणणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

न-क्रिस्टलचे क्रिस्टल

आता काचेकडे वळू. पंधराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांनी रंगहीन, स्वच्छ काच तयार केली आणि ती खऱ्या स्फटिकासारखी दिसते म्हणून तिला 'क्रिस्टालो' हे नाव दिले. पुढे इंग्लंडात १६७४ साली जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने नव्या प्रकारच्या स्वच्छ काचेचे पेटंट मिळविले. थोड्याच काळात त्याने तीत शिशाचे ऑक्साईड घालण्यास सुरुवात केली. शिशामुळे काच जड होते, तिला पैलू पाडणे सोपे जाते, प्रकाश तीत अधिक वाकतो म्हणून ती अधिक चमकते, आणि टिचकी मारली की खणखणीत वाजते. 'लेड क्रिस्टल' म्हणून कपाटात मिरवतात ती हीच काच. हे नाव कोणी कशालाही लावू नये म्हणून येथे १९७३ साली नियम झाले. लेड ऑक्साईड किमान २४ टक्के असेल तर 'लेड क्रिस्टल' म्हणावे, ३० टक्के असेल तर 'फुल लेड क्रिस्टल' म्हणावे, असे त्यांत ठरले. नावासाठी कायदा करावा लागला, यातच नावाची किंमत दिसून येते.

परंतु रसायनशास्त्राला विचाराल तर तो या नावाला हसेल. स्फटिक म्हणजे ज्याच्यातले अणू कवायतीला उभ्या राहिलेल्या पलटणीसारखे ठरावीक अंतरावर, ठरावीक रांगांत असतात असा पदार्थ. काचेत नेमकी हीच शिस्त नसते. तिच्यातले अणू दादर स्टेशनवरच्या गर्दीसारखे असतात. उलट मीठ, साखर, तुरटी, बर्फ, एवढेच काय, लोखंडाचा तवा आणि स्टीलची भांडी हे सारे स्फटिकमय पदार्थ आहेत. म्हणजे गावाहून आणलेला आपला स्टीलचा पेला हा खराखुरा क्रिस्टल, आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला क्रिस्टलचा पेला मात्र क्रिस्टल नव्हे! चमक आणि रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द चमकेला मिळाला, रचना बिचारी मागे राहिली.

हा नुसता शब्दच्छल नाही. शिशाच्या काचेत आंबट पदार्थ किंवा मद्य दीर्घकाळ ठेवले तर त्यात शिसे उतरते, आणि शिसे हे विष आहे. पंगतीत घटकाभर वाढण्यापुरते असे भांडे वापरण्यास फारशी हरकत नाही. पण लिंबाचे लोणचे मुरत ठेवण्यासाठी किंवा सरबत भरून ठेवण्यासाठी ते मुळीच योग्य नाही. ते काम चिनी मातीच्या बरणीने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, तिलाच करू द्यावे. 'हे स्फटिक आहे' असे समजणारी गृहिणी निर्धास्त राहील, 'ही शिशाची काच आहे' असे समजणारी सावध राहील. नावाने एवढा फरक पडतो.

राजवाडा आणि हिरा

याच चमकेची कीर्ती १८५१ साली शिगेला पोहोचली. लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन याने जागतिक प्रदर्शनासाठी लोखंडाची आणि काचेची प्रचंड इमारत उभारली. तिला सुमारे तीन लाख तावदाने होती. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने तिला 'क्रिस्टल पॅलेस' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. स्फटिकाचा त्यात संबंध नव्हता. आपल्याकडे असती तर तिला कोणीही शीशमहालच म्हटले असते, आणि ते अधिक खरे ठरले असते. पुढे ती इमारत सिडनहॅम येथे हलविण्यात आली, १८५४ साली तेथे पुन्हा उघडली, आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत भस्म झाली. नाव मात्र त्या भागाला आणि तेथल्या फुटबॉल क्लबाला चिकटून राहिले. २०२५ साली त्या क्लबाने एफ. ए. कप जिंकला तेव्हा आपली कित्येक पोरे ते नाव घेऊन नाचली. त्या नावामागे एक जळालेले काचघर आहे याची त्यांतल्या कितींना कल्पना होती?

या काचेच्या राजवाड्यात एक अस्सल स्फटिकही ठेवला होता, तो म्हणजे कोहिनूर. हिरा हा कार्बनचा स्फटिक. १८४९ साली पंजाब खालसा करून इंग्रजांनी तो हस्तगत केला आणि दोन वर्षांनी प्रदर्शनात मांडला. लोकांनी तो पाहण्यासाठी गर्दी केली आणि बहुतेक निराश होऊन परतले, कारण तो त्यांच्या अपेक्षेइतका चमकेना! अखेर १८५२ साली त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि त्यात त्याचे सुमारे ४० टक्के वजन कायमचे गेले. काच डोळे दिपवीत होती, आणि खरा स्फटिक चमकत नाही म्हणून कापला जात होता. या शब्दाच्या इतिहासातला याहून बोलका प्रसंग आम्हांला ठाऊक नाही.

एका घड्याळात तीन क्रिस्टल

आकड्यांचे साधे इलेक्ट्रॉनिक घड्याळ हाती घ्या. त्यात तीन क्रिस्टल सापडतील. वरच्या झाकणाला घड्याळजी 'क्रिस्टल' म्हणतात, ते बहुधा काचेचे किंवा प्लॅस्टिकचे असते. आतमध्ये क्वार्ट्झचा एक इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या हिशेबाने वेळ चालते. हे खरे क्रिस्टल. असे क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने १९६९ च्या नाताळात विक्रीस आणले. आणि आकडे दिसतात ते 'लिक्विड क्रिस्टल'मुळे, म्हणजे द्रवस्फटिकामुळे. तो ना पुरता द्रव ना पुरता घन, असा अर्धनारीनटेश्वर आहे. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला असा पदार्थ प्रथम आढळला. तो एकदा १४५.५ अंशांवर वितळून गढूळ होई आणि पुन्हा १७८.५ अंशांवर निवळ होई. घड्याळात व पडद्यात वापरता येतील असे टिकाऊ द्रवस्फटिक १९७०च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज ग्रे यांनी याच देशातल्या हल विद्यापीठात तयार केले. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांनी १९७७ साली चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून त्या शास्त्रात एक नवे दालनच उघडले.

आणखी एक आठवण येथे द्यावीशी वाटते. येथील वडीलधाऱ्या इंग्रजांच्या घरी 'क्रिस्टल सेट'च्या कथा निघतात. १९२२ साली बी.बी.सी. सुरू झाली तेव्हा कानाला श्रवणयंत्र लावून, खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवून लोक कार्यक्रम ऐकत. शिशाच्या गॅलेना या खनिजाचा असाच उपयोग करणाऱ्या उपकरणाचे अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बसू यांना १९०४ सालीच मिळाले होते. पुढच्या वेळी अशी कथा कानी आली तर हे नाव अवश्य सांगावे.

चकाकीआडचा काळोख

इथपर्यंत सारे गमतीचे झाले. पण हा शब्द काळोख झाकण्यासही वापरला गेला आहे. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला नाझी जर्मनीत ज्यूंची हजारो दुकाने फोडण्यात आली, शेकडो प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, माणसे मारण्यात आली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत धाडण्यात आले. रस्त्यावर पडलेल्या काचांवरून त्या रात्रीला 'क्रिस्टालनाख्ट', म्हणजे क्रिस्टलची रात्र, असे नाव पडले. जणू कोठे दिवाळीची रोषणाईच होती! जर्मनीत आता जबाबदार माणसे हे नाव टाळतात आणि 'नोव्हेंबरमधील हत्याकांड' अशा अर्थाचे शब्द वापरतात. ते योग्यच आहे. फुटलेल्या काचेला क्रिस्टल म्हटले की फोडणारा हात दिसेनासा होतो.

दुसरा काळोख आपल्या दाराशी आहे. 'क्रिस्टल मेथ' या मादक विषाला रस्त्यावरच्या बोलीत नुसते 'क्रिस्टल' किंवा 'आइस' म्हणतात. अडीच हजार वर्षांचा फेरा मारून हा शब्द पुन्हा 'बर्फ' या अर्थावर आला, तो असा! ब्रिटनमध्ये २००७ सालापासून हे द्रव्य सर्वांत कडक अशा 'अ' वर्गात मोडते. वयात आलेल्या मुलाच्या बोलण्यात हा शब्द आला तर तो कानातल्या डुलाविषयी आहे की याविषयी, हे आईबापांना कळले पाहिजे. संशय घेत सुटावे असे आम्ही म्हणत नाही. पण शब्दच ठाऊक नसेल तर प्रश्न तरी कसा विचारणार?

निवृत्तीकडे झुकलेल्या वाचकांना तिसऱ्या ठिकाणी हा शब्द भेटतो, पेन्शनच्या पत्रात. 'अनक्रिस्टलाइज्ड फंड्स पेन्शन लम्प सम' ही सोय २०१५ च्या एप्रिलपासून आली. येथे 'क्रिस्टलाइज' होणे म्हणजे साठलेल्या रकमेतून लाभ घेण्यास प्रारंभ होणे, आणि 'अनक्रिस्टलाइज्ड' म्हणजे ज्या रकमेला अजून हात लागलेला नाही ती. अशी रक्कम काढली की साधारणतः तिचा पाव भाग करमुक्त असतो, उरलेल्यावर प्राप्तिकर लागतो. चार ओळींत मराठीत सांगता येणारी ही गोष्ट त्या एका शब्दाने अशी काही गूढ होऊन बसते की सुशिक्षित माणूसही पत्र बाजूला ठेवून देतो. ते ठेवून देऊ नये. 'येथे क्रिस्टलाइजचा अर्थ काय?' असे कंपनीस लेखी विचारावे. त्यात कमीपणा नाही.

आमच्या मातीतली गार

आणि आता आमच्याच गारगोटीची कथा. येथल्या पुष्कळ गावांत 'हीलिंग क्रिस्टल'ची दुकाने आहेत. हा खडा झोप आणतो, तो काळजी घालवितो, तिसरा पैसा खेचून आणतो! त्या खड्यांच्या चिठ्ठ्या नीट वाचल्या तर 'ॲपोफिलाइट, इंडिया', 'स्टिल्बाइट, इंडिया' अशी अक्षरे दिसतात. हे खडे बहुतांशी आपल्या दख्खनचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी महाराष्ट्राचा काळा कातळ बनला. त्यातल्या पोकळ्यांत पाणी झिरपून ही खनिजे सावकाश वाढली. नाशिक, जळगाव, पुणे या बाजूंना खाणीत सुरुंग उडविताना किंवा विहीर खणताना ती हाती लागतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेशार कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. सिन्नरला या खनिजांचे एक संग्रहालयही आहे, आणि त्याचे नावच 'गारगोटी' आहे. सुटीत गेल्यावर मुलांना ते जरूर दाखवावे.

दगड सुंदर आहे म्हणून कोणी पैसे देऊन घेतला तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याने रोग बरा होतो याला आधार नाही. डॉक्टरांचे औषध बंद करून उशीखाली खडा ठेवणाऱ्याला तो आपल्या गावचा असला तरी गुण देणार नाही. याला कोणी अंगठीतल्या ग्रहांच्या खड्यांची आठवण करून देईल. जरूर द्यावी. तो सल्ला आपल्यालाही तितकाच लागू आहे.

उपाय घरातच

मग करावे काय? इंग्रजी शब्द घरातून हाकलून द्यावा, असला सोवळेपणा आम्हांला मान्य नाही. आपला 'बिलोर' तरी कोठला? तो फारसीतून आलेला. शब्द येतात, जातात, त्यांना पासपोर्ट लागत नाही. परंतु पाहुणा आला म्हणून घरच्यांनी उठून जावे असे होऊ नये. मराठीत मिठाचा, तुरटीचा, साखरेचा असतो तो खडा. तूप चांगले कढले की दिसतो तो रवा, म्हणून ते रवाळ तूप. देवघरातल्या माळेत असतो तो स्फटिक. बांगडीची ती काच, आणि आभाळातून पडते ती गार. पोटात दुखते तेव्हा डॉक्टर सांगतात तो मुतखडा. प्रत्येक वस्तूला तिचे तिचे नाव आहे, आणि ते हाताळणाऱ्याने दिलेले आहे. मिठागरात राबणाऱ्याने, तूप कढविणाऱ्या आजीने, माळावर गुरे राखणाऱ्या पोराने. येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना या सर्वांसाठी एकच शब्द येतो. शब्द गेला की नजरही जाते. तुपातला रवा त्यांना दिसतच नाही.

डेव्हिड क्रिस्टल यांनी २००० साली भाषांच्या मृत्यूवर एक पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'लँग्वेज डेथ'. मराठी एवढ्यात मरणार नाही, कोट्यवधी लोक ती बोलतात. पण एखाद्या घरातली मराठी एका पिढीत मरू शकते, आणि ती असेच एकेक शब्द टाकीत मरते. तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. रविवारच्या मराठी वर्गांत एक दिवस पुस्तक मिटून ठेवावे. खडेमीठ, खडीसाखर, तुरटी आणि रवाळ तुपाची वाटी टेबलावर मांडावी, शेजारी एक भिंग ठेवावे. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून आठवडाभर त्यावर खडे कसे धरतात ते मुलांना पाहू द्यावे. त्या एका तासात विज्ञानही शिकून होईल आणि पाच मराठी शब्दही जिभेवर बसतील. भाषांतर करणाऱ्यांनीही दिसला क्रिस्टल की लिहिला स्फटिक, अशी घाई करू नये. 'क्रिस्टलचा पेला' म्हणजे काचेचा पेला. 'मत क्रिस्टलाइज झाले' म्हणजे मत पक्के झाले. आणि 'क्रिस्टल क्लिअर'साठी आपले 'लख्ख' काय वाईट आहे?

आपल्या दर्शनकारांनी स्फटिकाचा एक दृष्टांत वारंवार दिला आहे. स्फटिकाला स्वतःचा रंग नसतो. शेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की तो लाल दिसतो. इंग्रजीतल्या या शब्दाचेही तेच आहे. तो कसा दिसतो हे शेजारी काय ठेवले आहे त्यावर ठरते, म्हणून फूल आधी पाहावे. महाभारतात मयसभेत शिरलेल्या दुर्योधनाने स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रे सावरली, आणि मग पाण्याला स्फटिक समजून तो त्यात पडला. चकाकी पाहून पाऊल टाकणाऱ्याचे असे होते. आधी विचारावे, हे पाणी की स्फटिक? आणि मग पुढे जावे.